एका जर्मन प्राध्यापकाचे चार प्रश्न

(सोलापूर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



जानेवारी उजाडला की आपल्या गावात दोन गोष्टी बरोबरच येतात. गड्ड्यावर सिद्धेश्वराच्या यात्रेची तयारी सुरू होते, आणि बारा तारखेला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार चढतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, १२ मे ते ३० जून १९३० या काळात, सोलापूर लष्करी कायद्याखाली होतं. माझी आजी गावातल्या माणसांची वयं सांगायची ती ‘मार्शल लॉच्या आधीचा’ किंवा ‘मार्शल लॉनंतरचा’ अशी. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पण कालपर्यंत चालू असलेला कायदा आज सकाळी बंद होऊ शकतो, कचेरीतल्या साहेबाऐवजी चौकातला शिपाई काय म्हणेल तोच कायदा ठरू शकतो, हे तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या मार्शल लॉचा एक खटला मुंबई उच्च न्यायालयात गेला. कायद्याच्या पुस्तकांत तो चनप्पा शांतीरप्पा विरुद्ध सम्राट या नावानं ओळखला जातो. लष्करी कायदा म्हणजे नेमकं काय, त्याची हद्द कुठे संपते, हे समजून घेणारा विद्यार्थी आजही त्या खटल्यापाशी येतो. म्हणजे घटनात्मक कायद्याच्या पुस्तकात सोलापूर आहे, आणि ते विजयाच्या पानावर नाही. कायद्याची सत्ता जिथे कोसळते त्या पानावर आहे. आजचा विषय याच कारणानं निवडला.

मी बोलणार आहे ते एका जर्मन प्राध्यापकाविषयी. त्यांचं नाव डीटर कॉन्राड. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ते ‘डिट्रिश कॉन्राड’ असं छापलं आहे, जर्मन पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मात्र डीटर. घटनात्मक आणि प्रशासकीय कायदा हा त्यांचा अभ्यासविषय, आणि हायडेलबर्ग विद्यापीठातल्या दक्षिण आशिया संस्थेचा कायदा विभाग ही त्यांची कर्मभूमी. ही संस्था १९६२ साली सुरू झाली. भारत, पाकिस्तान आणि पुढे बांगलादेश या देशांचा कायदा जर्मनीत बसून शिकायचा आणि शिकवायचा हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. ते कधी मंत्री झाले नाहीत, न्यायाधीश झाले नाहीत, भारतात त्यांनी एकही खटला चालवला नाही. तरीही आपल्या संसदेचे हात कुठवर पोहोचतात या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचा वाटा आहे. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते बार रूममध्ये, दुपारच्या सुट्टीत, न्यायमूर्ती खन्ना यांच्या निकालपत्रात. अशील बाहेर थांबला होता आणि मी पान पुढे उलटायला तयार नव्हतो.

फेब्रुवारी १९६५. स्थळ बनारस हिंदू विद्यापीठ, कायदा विद्याशाखा. कॉन्राड तिथे व्याख्यान द्यायला उभे राहिले. विषय होता घटनादुरुस्तीच्या अधिकाराला आतूनच असलेल्या मर्यादा. त्या वेळी भारतात हा प्रश्न निकाली निघाल्यासारखा होता. १९५१ साली शंकरीप्रसाद खटल्यात आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये सज्जनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की अनुच्छेद ३६८ प्रमाणे रीतसर दोन तृतीयांश बहुमत मिळवलं की संसद घटनेचा कुठलाही भाग बदलू शकते, मूलभूत हक्कसुद्धा.

कॉन्राड यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं त्याचा आशय असा. तुमच्या न्यायालयापुढे अजून टोकाची दुरुस्ती आलेली नाही, म्हणून कदाचित त्यांना असं वाटतं. पण टोकाचा प्रसंग आधीच कल्पून पाहणं हे कायदेपंडिताचं कर्तव्य आहे, कारण एखाद्या कायदेशीर कल्पनेचं खरं रूप कधीकधी टोकालाच कळतं. आणि मग त्यांनी चार काल्पनिक दुरुस्त्या पुढे ठेवल्या. दोन तृतीयांश बहुमतानं अनुच्छेद १ बदलून भारताचे तमिळनाड आणि हिंदुस्थान असे दोन तुकडे केले, तर ती दुरुस्ती वैध ठरेल का? अनुच्छेद २१ रद्द करून, कायद्याच्या आधाराविनाही माणसाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता येईल असं केलं, तर? आपलं बहुमत घसरतंय असं दिसल्यावर सत्ताधारी पक्षानं ३६८ च बदलून दुरुस्तीचा अधिकार पंतप्रधानांच्या सल्ल्यानं चालणाऱ्या राष्ट्रपतींच्या हाती दिला, तर? आणि शेवटचा प्रश्न: घटनाच मोडीत काढून मोगल बादशहाची किंवा इंग्लंडच्या राजमुकुटाची सत्ता पुन्हा आणली, तर?

यावर पटकन उत्तर देऊ नका, असंही ते म्हणाले. जर्मनीत वायमार काळात हीच चर्चा झाली होती. आधी ती निव्वळ पुस्तकी वाटली, आणि मग इतिहासानं तिचं भयंकर प्रात्यक्षिक दाखवलं.

ते प्रात्यक्षिक काय होतं हे सांगायला हवं, कारण आपल्याकडे हिटलर म्हटलं की लोकांना रणगाडे आणि छळछावण्या आठवतात, कागद आठवत नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, वायमार गावात जर्मनीची नवी राज्यघटना तयार झाली. तिच्या अनुच्छेद ७६ मध्ये दुरुस्तीची तरतूद होती: दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश बाजूनं हवेत. आशयावर कसलीही अट नाही. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सलर झाला. २७ फेब्रुवारीच्या रात्री संसदेची इमारत पेटली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानं व्यक्तिस्वातंत्र्याची कलमं स्थगित झाली. आणि २३ मार्च १९३३ रोजी, जळलेल्या संसदेऐवजी क्रॉल ऑपेरा हाउसमध्ये भरलेल्या बैठकीत, सरकारला संसदेशिवाय कायदे करण्याचा, एवढंच नाही तर घटनेशी विसंगत कायदे करण्याचा अधिकार देणारा कायदा संमत झाला. बाजूनं ४४४, विरुद्ध ९४. विरोधात मत दिलं ते फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षानं. कम्युनिस्टांचे ८१ सभासद निवडून आलेले होते, पण त्यांना सभागृहात येऊच दिलं नाही.

श्रोतेहो, वायमारची घटना पुढे कधीही रीतसर रद्द झाली नाही. हिटलरला तिची अडचणच उरली नव्हती. पोकळ झालेलं झाड तोडायला कुऱ्हाड कशाला लागते?

आता त्या ‘पुस्तकी’ चर्चेकडे येऊ. तिच्यात दोन प्राध्यापक समोरासमोर होते, आणि त्यांची गोष्ट गेली कित्येक वर्षं माझ्या मनातून जात नाही. पहिले गेरहार्ड आन्शुट्झ. हेसुद्धा हायडेलबर्गचेच. वायमार घटनेवरचं त्यांचं भाष्य इतकं प्रमाण मानलं जायचं की त्याच्या चौदा आवृत्त्या निघाल्या, शेवटची १९३३ साली. त्यांचं मत असं की दुरुस्तीच्या अधिकाराला आशयाची मर्यादा नाही. रीत पाळली की वाटेल तो बदल करता येतो. दुसरे कार्ल श्मिट. १९२८ साली त्यांनी घटनेचा सिद्धांत मांडणारं मोठं पुस्तक लिहिलं. त्यात ते म्हणाले की घटना वेगळी आणि घटनेतली कलमं वेगळी. राष्ट्रानं आपल्या राजकीय अस्तित्वाचा जो मूळ निर्णय घेतला ती घटना. दुरुस्ती करणाऱ्याला कलमं बदलता येतील, तो मूळ निर्णय पुसता येणार नाही, कारण त्याचा स्वतःचा अधिकारच त्या निर्णयातून आलेला आहे.

आज आपल्याला श्मिट बरोबर वाटतात. पण १९३३ मध्ये काय झालं? मर्यादा सांगणारे श्मिट १ मे १९३३ रोजी नाझी पक्षात गेले आणि राजवटीचे वकील बनले. मर्यादा नाही म्हणणारे आन्शुट्झ यांनी मार्च १९३३ च्या अखेरीला सरकारला पत्र लिहून निवृत्ती मागितली. या नव्या राज्याचा कायदा मी मनापासून शिकवू शकत नाही, आणि मनापासून जे शिकवता येत नाही ते विद्यार्थ्यांना शिकवणं मला मान्य नाही, असा त्या पत्राचा मथितार्थ. १९४८ साली ते वारले.

मला हे अस्वस्थ करतं, आणि तुम्हालाही करावं अशी माझी इच्छा आहे. बरोबर सिद्धांत मांडणारा माणूस चुकीच्या बाजूला गेला, आणि ज्याचा सिद्धांत अपुरा पडला त्यानं आपली खुर्ची सोडली. याचा अर्थ मी असा घेतो की चांगला सिद्धांत माणसाला वाचवत नाही. पण एका माणसाच्या अधःपतनानं सिद्धांतही खोटा ठरत नाही. कॉन्राड यांनी श्मिट यांच्याकडून हा भेद उचलला आणि नव्यानं मांडला. पुढच्या पिढीच्या शिक्षकानं ते ओझं डोक्यावर घेतलं. कलंकित घरातून वस्तू आणायची तर ती घासून-पुसून, तिचं मूळ न लपवता आणावी लागते. बनारसच्या श्रोत्यांना वायमारचं नाव घेऊन, त्या काळाचा भयंकर शेवट सांगूनच, त्यांनी ती पुढे ठेवली.

युद्धानंतरच्या जर्मनीनं तो भेद कागदावरच पक्का करून टाकला. २३ मे १९४९ च्या मूलभूत कायद्यातल्या अनुच्छेद ७९ चं तिसरं कलम सांगतं की माणसाची प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य या तत्त्वांना धक्का देणारी दुरुस्ती करताच येणार नाही, बहुमत कितीही असो. तिकडे त्याला ‘चिरंतन कलम’ म्हणतात. आपल्या घटनेत असं कलम नाही. पण आपल्या घटनासमितीला वायमारची आठवण नव्हती असं कुणी समजू नये. आणीबाणीच्या तरतुदींवरच्या चर्चेत मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी वायमारच्या घटनेचा दाखला देऊन सभागृहाला सावध केलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्यक्तिपूजेबद्दल इशारा दिला तोही याच जातीचा. बाबासाहेबांचं नाव बॉन विद्यापीठातही दाखल झालं होतं, जर्मन भाषा ते शिकले होते. आणि त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली वसतिगृह काढलं ते आपल्या सोलापुरात.

आता मी आपल्या माणसांकडे येतो, कारण या कथेत एक अन्याय होत आला आहे. ‘मूलभूत चौकट’, म्हणजे दुरुस्ती करूनही संसदेला मोडता येत नाही असा घटनेचा गाभा, ही जर्मनीतून आयात केलेली वस्तू, असं काही लोक म्हणतात. तसं नाही. मघाशी सज्जनसिंग खटला सांगितला, ३० ऑक्टोबर १९६४ चा. पाच न्यायाधीश होते. त्यांतले दोघे मराठी. सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर, साताऱ्याचे. आणि न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर, अमरावतीचे, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे चिरंजीव. बहुमताचा निकाल गजेंद्रगडकरांनी लिहिला: संसदेला मूलभूत हक्क बदलण्याचा अधिकार आहे. मुधोळकरांनी खटल्यातल्या सतराव्या घटनादुरुस्तीला विरोध केला नाही, पण एक शंका लिहून ठेवली. घटनेच्या एखाद्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल केला तर त्याला केवळ दुरुस्ती म्हणता येईल, की ते घटनेचा एक भाग नव्यानं लिहिणं ठरेल? पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या निकालाचाही त्यांनी दाखला दिला. न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी आपली वेगळी शंका मांडली. म्हणजे कॉन्राड बनारसला उभे राहिले त्याच्या चार महिने आधी, एका वऱ्हाडी न्यायाधीशानं तोच प्रश्न मोजक्या ओळींत विचारून ठेवला होता. त्याचं उत्तर देण्याइतकी तयारी तेव्हा कुणाची नव्हती. कॉन्राड यांनी त्या प्रश्नाला युक्तिवादाचा सांगाडा दिला.

गजेंद्रगडकरांना मी या गोष्टीतले प्रतिपक्षी मानत नाही. ते कामगार कायद्याचे मोठे जाणकार होते, आणि गिरण्यांच्या या गावात ते वेगळं सांगायला नको. सतरावी दुरुस्ती जमीन सुधारणांच्या कायद्यांना संरक्षण देणारी होती. जमीनदार मूलभूत हक्काची ढाल पुढे करून कूळकायदे आणि कमाल जमीनधारणेचे कायदे अडवत होते. संसदेचे हात बांधले तर गरिबाला जमीन कशी मिळणार, ही चिंता खरी होती. जो कोणी ‘मूलभूत चौकटी’चं कौतुक करतो त्यानं या चिंतेला उत्तर द्यायला हवं. मी ते पुढे देतो.

कॉन्राड यांच्या व्याख्यानाचा मजकूर ज्येष्ठ वकील एम. के. नंब्यार यांच्या हाती पडला. हे नंब्यार कोण? १९५० साली ए. के. गोपालन खटल्यात स्थानबद्ध गोपालन यांच्या बाजूनं अनुच्छेद २१ चा व्यापक अर्थ सांगणारे, आणि हरलेले. हरलेला वकील प्रश्न सोडत नाही. गोलकनाथ खटल्यात त्यांनी कॉन्राड यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी अकरा न्यायाधीशांनी सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला की संसद मूलभूत हक्क कमी करू शकत नाही. पण त्याचं कारण वेगळं होतं: दुरुस्ती हाही अनुच्छेद १३ मधला ‘कायदा’च. आतूनच असलेल्या मर्यादेच्या युक्तिवादात बरंच बळ आहे, पण त्याचा निर्णय आज करायची गरज नाही, असं सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी म्हटलं. हा निकाल गरजेपेक्षा रुंद होता असं माझं मत आहे. त्यानं मालमत्तेचा हक्क आणि जगण्याचा हक्क एकाच पेटीत बंद केला. कॉन्राड यांनाही तो तर्क पटला नाही. त्यानंतरच्या लेखात त्यांनी आपलं म्हणणं नेमकं केलं: घटनेनं निर्माण केलेलं दुरुस्ती करणारं मंडळ, शब्दांत त्याचा अधिकार कितीही अमर्याद दिसो, ज्या खांबांवर स्वतः उभं आहे ते खांब हलवू शकत नाही.

मग केशवानंद भारती. केरळातल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी याचिकाकर्ते होते. त्यांच्या बाजूनं नानी पालखीवाला, केरळ सरकारच्या बाजूनं मुंबईचे होरमसजी सिरवई. तेरा न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी, अकरा निकालपत्रं. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा असा निकाल लागला: संसद कुठलंही कलम बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. तो सातवा, निर्णायक आवाज न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा. आणि खन्नांनी आपल्या निकालपत्रात कॉन्राड यांचं नाव घेऊन खांबांविषयीचं त्यांचं म्हणणं मान्य केलं. बार रूममध्ये माझा हात थांबला तो याच पानावर.

गजेंद्रगडकरांच्या चिंतेचं उत्तर मला याच निकालात दिसतं. खन्नांनी स्पष्ट सांगितलं की मालमत्तेचा हक्क मूलभूत चौकटीचा भाग नाही. जमीन सुधारणांची दुरुस्ती टिकली. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच काढला, आणि कुठल्याही न्यायालयानं तो परत आणला नाही. गरिबाला जमीन देणं आणि माणसाला माणूस म्हणून जगू देणं यांत भांडण नव्हतं, गोलकनाथनं ते उगाच लावलं होतं.

केशवानंदमध्ये अल्पमतात असलेल्या सहांपैकी एक पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड. संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही असं त्यांनी लिहिलं होतं. हे नाव लक्षात ठेवा.

दोन वर्षांनी कॉन्राड यांचे काल्पनिक प्रश्न एकेक करून खरे होऊ लागले. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली. तिसरा प्रश्न आठवा, सत्ता हातातून निसटताना घटनाच बदलणारा पक्ष. एकोणचाळिसाव्या दुरुस्तीनं पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढली, तीही अलाहाबाद उच्च न्यायालयानं ती रद्द केल्यावर आणि अपील सर्वोच्च न्यायालयात चालू असताना. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी न्यायालयानं ते कलम मूलभूत चौकटीच्या आधारानं रद्द केलं, आणि रद्द करणाऱ्यांत चंद्रचूडही होते. काही दिवसांतच केशवानंद निकालाचा फेरविचार करायला तेरा न्यायाधीश बसवले गेले. पालखीवाला उभे राहिले, आणि दोन दिवसांत सरन्यायाधीश राय यांनी ते पीठच विसर्जित केलं.

दुसरा प्रश्न अनुच्छेद २१ चा. तो कलम रद्द करून नव्हे, स्थगित करून खरा झाला. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल लागला की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला न्यायालयात येऊन आपलं स्वातंत्र्य मागता येणार नाही. युक्तिवादात खन्नांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारलं होतं की जगण्याच्या हक्काचं काय, आणि बेकायदा जीव घेतला तरी त्यावर उपाय नाही असं उत्तर त्यांना मिळालं होतं. बनारसमधला प्रश्न अकरा वर्षांनी दिल्लीत, सरकारी वकिलाच्या तोंडून उत्तर होऊन आला. चौघांत चंद्रचूड होते. एकटे खन्ना विरोधात राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश केलं, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश ह. रा. गोखले कायदामंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत बेचाळिसावी दुरुस्ती आली. तिच्या पंचावन्नाव्या कलमानं अनुच्छेद ३६८ ला दोन उपकलमं जोडली: कुठल्याही घटनादुरुस्तीला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, आणि संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. आन्शुट्झ यांच्या भाष्यातलं वाक्य आता भारताच्या घटनेत छापलं गेलं होतं.

ते वाक्य खोडलं ते चंद्रचूड यांनी. ३१ जुलै १९८० रोजी मिनर्व्हा मिल्स खटल्यात, सरन्यायाधीश म्हणून बहुमताचा निकाल लिहिताना, त्यांनी सांगितलं की संसदेचा दुरुस्तीचा अधिकार मर्यादित असणं हेच घटनेचं एक मूलभूत वैशिष्ट्य आहे. ज्याला मर्यादित अधिकार दिला तो त्याच अधिकाराच्या जोरावर स्वतःला अमर्याद करून घेऊ शकत नाही. १९७३ मध्ये मर्यादा नाकारणारे, १९७६ मध्ये स्थानबद्धांना दार बंद करणारे, तेच १९८० मध्ये हे लिहितात. मी जबलपूर विसरायला तयार नाही. ज्यांच्या घरची माणसं कोठडीत होती त्यांनी तर मुळीच विसरू नये. पण १९८० चा निकालही तितकाच खरा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी जबलपूरचा निकाल रद्द केला, तेव्हा प्रमुख निकालपत्र चंद्रचूड यांच्याच चिरंजीवांनी लिहिलं होतं.

कॉन्राड हे सगळं दुरून पाहत होते आणि लिहीत होते. मूलभूत चौकटीचं त्यांनी आंधळं कौतुक केलं नाही. आपल्याच हातून निघालेल्या कल्पनेचं त्यांनी सत्तरच्या दशकात पुन्हा कठोर परीक्षण केलं. धर्मावर आधारलेले वैयक्तिक कायदे आणि समता यांचा प्रश्नही त्यांनी हाताळला. १९८९ मध्ये बांगलादेशाच्या सर्वोच्च न्यायालयानं आठव्या दुरुस्तीचा एक भाग मूलभूत चौकटीच्याच सिद्धांतावर रद्द केला. घटनेच्या कल्पनांचा व्यापार सगळीकडे चालतो, आणि त्यात भारताचं न्यायालय आता निर्यात करणारं झालं आहे, असं ते म्हणत. आयात-निर्यातीची भाषा चादरीच्या गावात लवकर कळते.

आणि शेवटची वर्षं त्यांनी कुणाला दिली? गांधीजींना. गांधी आणि राजकारणाची संकल्पना, राज्य, धर्म आणि हिंसा, हा त्यांच्या अखेरच्या ग्रंथाचा विषय. २००१ मध्ये ते गेले आणि ग्रंथ २००६ साली जर्मनीत प्रसिद्ध झाला. त्याच्या नावात ‘राजकारणाची संकल्पना’ हे शब्द आहेत. कार्ल श्मिट यांच्या प्रसिद्ध पुस्तकाचं नाव तेच. श्मिट म्हणाले होते, मित्र कोण आणि शत्रू कोण हे ठरवणं म्हणजे राजकारण. ज्या माणसाकडून आपण सिद्धांत घेतला त्याला उत्तर द्यायला कॉन्राड यांनी गांधी निवडले. गांधींच्या अटकेची बातमी ऐकून ज्या गावानं १९३० मध्ये जीव दिला, त्या गावात हे सांगताना मला बोलणं जड जातंय.

लोकांनी न निवडलेले न्यायाधीश लोकांच्या संसदेला अडवतात, हा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो हलका नाही. चौकटीत काय येतं याची यादी न्यायाधीश वाढवत गेले तर एक दिवस तीही सत्ताच होईल. म्हणून माझ्या मते ही तरतूद रोजच्या वापराची नाही. ती १९३० च्या मे महिन्यासाठी आहे, १९३३ च्या मार्चसाठी आहे, १९७६ च्या एप्रिलसाठी आहे. साध्या दिवशी संसदेला काम करू द्यावं. टोकाच्या दिवशी मात्र कुणीतरी ‘नाही’ म्हणणारं हवं, आणि त्या दिवशी काय म्हणायचं याचा विचार साध्या दिवशीच, वर्गात बसून, शिक्षकानं आणि विद्यार्थ्यांनी करून ठेवायला हवा. बनारसच्या वर्गात तो झाला होता.

इथे विधी महाविद्यालयातली मुलं-मुली बसली आहेत. तुम्हाला माझी विनंती एवढीच. सज्जनसिंग खटल्यातलं मुधोळकरांचं मत वाचा, फार पानं नाहीत. आणि घरी गेल्यावर राज्यघटनेचं पुस्तक काढून अनुच्छेद ३६८ उघडा. चौथं आणि पाचवं उपकलम, न्यायालयाला मनाई करणारं आणि संसदेला अमर्याद करणारं, आजही तिथे छापलेलं आहे. कुठल्याही सरकारनं ते अजून काढलेलं नाही. त्याच्या खाली बारीक अक्षरात एक तळटीप आहे: ही तरतूद मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अवैध ठरवली आहे. ती तळटीप वाचा.